सबस्टिट्यूट मिळत नाही तेव्हा डिस्ट्रिक्ट ऑफिसातल्यांनी वर्गावर जायचं, ते नक्की कसं? (अमेरिकन शाळा)

तळेगावकर

सकाळी साडेसहाला शाळेची सेक्रेटरी यादी उघडते. पाच शिक्षक रजेवर, तीन जागी सब (सबस्टिट्यूट, म्हणजे बदली शिक्षक) मिळालेत, दोन वर्ग उघडे. शाळा आठला भरते. अमेरिकेतल्या शाळांत हे आता साथीच्या दिवसांपुरतं राहिलेलं नाही, एरवीच्या सोमवारी-शुक्रवारीही होतं. यावरच्या उपायांपैकी एकाबद्दल हा धागा आहे: डिस्ट्रिक्ट ऑफिसातले (म्हणजे भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयातले) डायरेक्टर, कोऑर्डिनेटर, असिस्टंट सुपरिंटेंडंट यांनी स्वतः वर्गावर उभं राहणं.

जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनच्या लाटेत या उपायाला सगळीकडे वेग आला. ओक्लाहोमाच्या गव्हर्नरांनी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पगार न कापता सबचं काम करायची मुभा दिली. कॅन्ससने तात्पुरती अट उतरवून १८ वर्षं पूर्ण आणि हायस्कूल पास एवढ्यावर परवाना दिला. न्यू मेक्सिकोने नॅशनल गार्डचे लोक वर्गात आणले आणि तिथल्या गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम २६ जानेवारीला सँटा फेच्या सालाझार एलिमेंटरीत बालवर्गावर गेल्या. ते आणीबाणीचं होतं. मला बोलायचंय ते रोजच्या कामाबद्दल.

माझं म्हणणं असं, की हा उपाय चांगला आहे; पण सकाळी सहाला 'आज कोण मोकळं आहे?' असा मेसेज टाकून राबवला तर वाया जातो. महिनाभर आधी लावलेलं ड्यूटीचं वेळापत्रक असेल तरच त्याचा उपयोग.

हिशोब करून बघू. समजा डिस्ट्रिक्टमध्ये १,००० शिक्षक आहेत आणि रोज सरासरी ८ टक्के रजेवर. म्हणजे ८० जागा. फिल रेट (सब मिळालेल्या जागांचं प्रमाण) ७५ टक्के असेल तर ६० भरल्या, २० उघड्या. पण ही सरासरी झाली. मंगळवारी-बुधवारी १२ असतील तर शुक्रवारी ३०. आता ऑफिसात वर्गावर पाठवता येतील असे ४० जण आहेत आणि प्रत्येकाने महिन्यातून २ दिवस द्यायचे ठरलं. एकूण ८० मनुष्यदिवस. ते महिन्याच्या २० दिवसांवर सारखे पसरले तर रोज ४ जण, कुणाच्या लक्षातही येणार नाही. तेच फक्त सोमवारी आणि शुक्रवारी लावले, तर ८ दिवसांत रोज १० जण. शुक्रवारच्या ३० पैकी १० जागा आदल्या महिन्यातच भरलेल्या! एकही माणूस न वाढवता, नुसत्या मांडणीने हा फरक पडतो.

तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये हे कसं चालतं, कुठे अडतं, कागद कोणते लागतात, ते तपशिलात लिहा.

हजेरीपट

हिशोब पटला. ऑफिसच्या बाजूने काय अडतं ते सांगते.

पहिलं अडतं लॉगिन. डायरेक्टरबाईंना डिस्ट्रिक्ट पातळीचा प्रवेश असतो, पण विशिष्ट शिक्षकाच्या वर्गाची हजेरी भरायचा अधिकार त्यांच्या खात्याला नसतो. पॉवरस्कूल, एरीज, इन्फिनिट कॅम्पस, हजेरीची कुठलीही प्रणाली घ्या, सबचं खातं वेगळं बनवावं लागतं. सकाळी पावणेआठला आयटीला फोन करून ते होत नाही. म्हणून नियम एकच: ऑफिसातून येणाऱ्याच्या हातात छापील रोस्टर (मुलांची यादी) द्यायचं, त्याने तासागणिक खूण करून सही करायची आणि पहिला तास संपायच्या आत कागद ऑफिसात पोचवायचा. कॅलिफोर्नियात तर शाळेला मिळणारा पैसा सरासरी दैनिक हजेरीवर ठरतो. सही नसलेला हजेरीचा कागद ऑडिटमध्ये अडकतो.

दुसरं म्हणजे, येणाऱ्या माणसाला काउंटरवर काय काय द्यायचं ते आदल्या संध्याकाळी पिशवीत भरून ठेवायचं. वर्गाची किल्ली, त्या दिवसाचं बेल शेड्यूल (मिनिमम डे, म्हणजे शाळा लवकर सुटण्याचा दिवस असेल तर त्याचं, नेहमीचं नाही), फोटोसकट रोस्टर, बसायचा नकाशा, आणीबाणीचं फोल्डर, आणि नर्सची वैद्यकीय सूचनांची यादी. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. वर्गात शेंगदाण्याची ॲलर्जी कुणाला आहे, एपिपेन (ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) वर्गात आहे की नर्सकडे, फिट येणारं मूल कोणतं, हे माहीत नसलेला प्रौढ माणूस वर्गात असणं धोक्याचं आहे, मग तो असिस्टंट सुपरिंटेंडंट का असेना.

आणि तिसरं, ज्यावर कुणी बोलत नाही. रजेच्या प्रणालीत ही जागा कशी नोंदवायची? फ्रंटलाइनमध्ये (जुने लोक अजून एसॉप म्हणतात) ऑफिसातल्या माणसाचं सब म्हणून प्रोफाइल नसेल तर जागा 'अनफिल्ड' दिसते. प्रोफाइल बनवून नेहमीच्या कोडने भरली तर 'फिल्ड' दिसते. दोन्ही खोटं चित्र. ॲडमिन कव्हरचा (ऑफिसातल्यांनी सांभाळलेल्या वर्गाचा) वेगळा कोड करून घ्या, पगार शून्य. नाहीतर महिन्याच्या अहवालात फिल रेट ९० टक्के दिसतो, बोर्डाला वाटतं प्रश्न सुटला, आणि सबचा दर वाढवायचा ठराव मागे पडतो.

मधलीसुट्टी

हजेरीपटला शंभर टक्के अनुमोदन, विशेषतः कोडबद्दल.

मी प्राथमिक वर्गांच्या बाजूने लिहिते. माध्यमिकला शिक्षक नसला तर निदान प्रेप पिरियडवाल्या (त्या वेळी तयारीचा मोकळा तास असलेल्या) शिक्षकांना विचारता येतं. सहा तासांच्या दिवसात एका शिक्षकाचे पाच वर्ग, म्हणजे पाच जणांचा प्रेप जातो, त्याचे करारानुसार तासाचे पैसे द्यावे लागतात, पण मार्ग असतो. प्राथमिकला तो नाही. तिथे वर्ग फोडतात. २४ मुलांचा दुसरीचा वर्ग चार वर्गांत सहा-सहा करून बसवला की त्या चारही वर्गांत २४ ची ३० होतात. एका शिक्षिकेची रजा, आणि दिवस बिघडला पाच वर्गांचा. शिवाय फोडलेली मुलं मागच्या बाकावर वर्कशीट रंगवत बसतात, त्यांना त्या दिवशी कुणी शिकवत नाही. म्हणून ऑफिसातून माणूस येणार असेल तर तो आधी प्राथमिकला पाठवा. एक माणूस तिथे पाच वर्ग वाचवतो.

पण बालवर्गावर नवख्याला टाकू नका. पहिलीच्या खालची मुलं सोडताना कुणाच्या हाती सोपवायचं त्याची यादी असते, आणि दुपारी ती फाटकापाशी उभं राहून तोंडओळखीवर चालते. बस कोणती, आफ्टरकेअरला कोण, आज आजी येणार की बाबा, हे शिक्षिकेच्या डोक्यात असतं. ऑफिसातला माणूस बालवर्गावर असेल तर सुटीच्या वेळी पंधरा मिनिटं शेजारच्या वर्गाची एड (मदतनीस) किंवा ऑफिसातली ओळखीची व्यक्ती फाटकावर हवीच.

सब प्लॅनबद्दल: प्रत्येक शिक्षकाचा तीन दिवसांचा आणीबाणीचा प्लॅन ऑगस्टअखेर ऑफिसात जमा हवा, आणि तो छापील हवा. 'सगळं गूगल क्लासरूमवर आहे' हा प्लॅन नव्हे, कारण येणाऱ्याला त्या क्लासरूममध्ये शिरता येत नाही. चांगल्या प्लॅनमध्ये काय असतं? वेळेनुसार दिवस, रोस्टरपेक्षा पाच जास्त प्रती, कोण किती वाजता रीडिंग किंवा स्पीचला बाहेर जातं आणि कधी परत येतं, त्या दिवशीची मैदानाची किंवा बसची ड्यूटी, बाथरूमला कसं सोडायचं, आणि अडलं तर शेजारच्या कुठल्या खोलीत विचारायचं. गणिताचा नवा धडा सबसाठी ठेवू नये, सराव ठेवावा. नवा धडा अर्धवट झाला की दुसऱ्या दिवशी तो पुसून पुन्हा शिकवावा लागतो. जानेवारीत प्लॅन पुन्हा बदलून घ्या, ऑगस्टची बेरीज-वजाबाकी फेब्रुवारीत चालत नाही.

कृष्णाकाठ

माझा विषय विशेष शिक्षण. दोन चुका सगळीकडे होतात.

एक, सब नाही म्हणून पॅराला (वर्गातल्या मदतनीस बाईंना) उचलून दुसऱ्या वर्गावर टाकणं. पॅरा मोकळी दिसते, पण ती एखाद्या मुलाच्या आयईपीत (विशेष गरजांच्या मुलासाठीच्या लेखी वैयक्तिक शिक्षण आराखड्यात) लिहिलेल्या मदतीचा भाग असते. तिला हलवलं की त्या मुलाची सेवा त्या दिवशी बुडाली. असं वारंवार झालं तर डिस्ट्रिक्टला भरपाईची सेवा द्यावी लागते, आणि तक्रार झाली तर 'सब मिळाला नाही' हे उत्तर कायद्यात बसत नाही. त्यापेक्षा ऑफिसातला माणूस सर्वसाधारण वर्गावर टाका आणि पॅराला तिच्या जागी राहू द्या.

दोन, विशेष शिक्षणाच्या कोऑर्डिनेटरला कव्हरच्या यादीत सगळ्यांसारखं धरणं. मुलाला विशेष शिक्षण हवं का याच्या मूल्यांकनाला पालकांनी संमती दिली की घड्याळ सुरू होतं. कॅलिफोर्नियात ६० दिवसांत मूल्यांकन आणि आयईपी बैठक दोन्ही व्हावं लागतं. त्या बैठकीत ॲडमिनिस्ट्रेटर नसेल तर बैठक पुढे जाते, मुदत चुकते. वेळापत्रक लावणाऱ्याने आयईपीचं कॅलेंडर आधी मागवावं आणि ते दिवस कापून टाकावेत.

येणाऱ्याला आयईपीची पूर्ण फाइल द्यायची गरज नाही आणि देऊही नये. लागते ती एका पानाची यादी: कुणाला वेळ वाढवून द्यायचा, कुणाला पुढे बसवायचं, कुणाला ब्रेक कार्ड (दाखवलं की थोडी विश्रांती मिळते ते कार्ड) आहे, कोण चिडलं तर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. ते पान दिवसअखेर ऑफिसात परत घ्या.

ऑस्टिनवाला

टेक्सासमध्ये सबला राज्याचा परवाना लागतच नाही, अट डिस्ट्रिक्ट ठरवतं. म्हणून इथे लोक म्हणतात, 'मग कुणालाही पाठवा.' तसं नाही. प्रमाणपत्र नसलेली व्यक्ती एकाच वर्गावर सलग ३० पेक्षा जास्त शैक्षणिक दिवस राहिली तर पालकांना लेखी कळवावं लागतं. शिवाय टायटल वन (गरीब मुलांसाठी केंद्राचं अनुदान मिळणारी) शाळा असेल तर केंद्राचा नियम आहेच: सलग चार आठवडे किंवा जास्त राज्याची पात्रता पूर्ण न करणारी व्यक्ती शिकवत असेल तर पालकांना कळवा. ऑफिसातून आलेल्यालाही हे लागू होतं, त्याचं पद कितीही मोठं असो.

एक प्रश्न: रिकामी जागा (म्हणजे शिक्षकच नेमलेला नाही, महिनोन्महिने) आणि एका दिवसाची रजा, दोन्हींसाठी एकच पूल वापरता का?

तळेगावकर

नाही, वेगळे ठेवावेत असं माझं मत. ऑफिसातले लोक एका दिवसाच्या भोकांसाठी. तिथे पेपर तपासायचे नसतात, पालकांना फोन करायचा नसतो, गुण भरायचे नसतात. लांबच्या जागेवर चार डायरेक्टर आलटून पालटून गेले तर मुलांना आठवड्यात चार चेहरे दिसतात आणि वाचनाच्या गटात कोण कुठे पोचलं ते कुणालाच कळत नाही. ऑफिसवाले एकेक दिवस उचलतात म्हणून जो पात्र सब मोकळा होतो, त्याला लांबच्या जागेवर स्थिर करा.

कॅलिफोर्नियाचे आकडेही याच दिशेचे आहेत. ३० दिवसांच्या सब परमिटवर मूळ मर्यादा अशी: एका शिक्षकाच्या जागी वर्षात ३० दिवस, विशेष शिक्षणात २०. (कोविडनंतर ही मर्यादा ६० केली होती, आणि ती बदलत राहते, सध्याचा आकडा बघून घ्या.) शिक्षकाचं क्रेडेन्शियल (राज्याचा शिकवण्याचा परवाना) असलेला ॲडमिनिस्ट्रेटर स्वतःच्या विषयाबाहेर रोजच्या सबचं काम करू शकतो, पण त्यालाही हेच दिवस मोजावे लागतात. कॅलसॅस ही राज्याची प्रणाली नेमणुका क्रेडेन्शियलशी ताडून बघते, त्यामुळे चूक झाकली जात नाही.

नीरा

थोडी असहमत आहे. डायरेक्टरबद्दल तुमचं बरोबर. पण टोसा म्हणजे स्पेशल असाइनमेंटवरचे शिक्षक, इंस्ट्रक्शनल कोच, लिटरसी कोच, हे वेगळे. त्यांच्यापैकी एकाला पूर्ण सहा आठवडे एकाच वर्गावर लावलं तर मुलांना खरा शिक्षक मिळतो, तोही अभ्यासक्रम कोळून प्यालेला. त्यांना एकेका दिवसाच्या भोकात फिरवणं म्हणजे चांगलं माणूस पोस्टमनसारखं वापरणं.

आणि युनियनच्या दृष्टीनेही ते सोपं पडतं. टोसा शिक्षकांच्याच बार्गेनिंग युनिटमध्ये (युनियन ज्यांच्या वतीने करार करते त्या गटात) असतात. डायरेक्टर नसतात. युनिटचं काम युनिटबाहेरच्या व्यवस्थापकाने नियमित करणं यावर ग्रिव्हन्स (युनियनची औपचारिक तक्रार) येऊ शकते. एखाद-दुसऱ्या दिवसावर सहसा कुणी बोट ठेवत नाही, पण दरमहा वेळापत्रक लावणार असाल तर आधी युनियनशी पानभर एमओयू (लेखी समझोता) करा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: आधी सबला विचारलं जाईल, मग प्रेप विकायची इच्छा असलेल्या शिक्षकांना, आणि त्यानंतरच ऑफिस, या कव्हरमुळे कुणाचं पद कमी होणार नाही, आणि वर्गात दिसलेल्या गोष्टींवरून शिक्षकाचं मूल्यमापन होणार नाही. तिसऱ्या मुद्द्यावर शिक्षक सगळ्यात जास्त अडतात, आणि रास्तच अडतात. रजेवर असताना तुमच्या भिंतीवरचे तक्ते वरिष्ठ बघून गेले आणि पुढच्या मूल्यमापनात ते निघाले, हे कुणालाही नको असतं.

तळेगावकर

नीरा, कोचबद्दल मान्य, पण त्यात एक मोठा खड्डा आहे: पगार कुठल्या खात्यातून येतो ते बघा. लिटरसी कोच टायटल वनच्या पैशातून असेल, किंवा प्रोग्रॅम स्पेशालिस्ट आयडियाच्या (विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्याच्या) पैशातून, तर त्या व्यक्तीने सर्वसाधारण वर्गावर सबचं काम केलेले तास त्या अनुदानावर टाकता येत नाहीत. ते काम डिस्ट्रिक्टने स्वतःच्या पैशातून करायचं असतं. केंद्राच्या अनुदानावर पगार घेणाऱ्यांना वेळेची नोंद ठेवावी लागते. तुमचे सहा आठवडे जनरल फंडात (डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या निधीत) वळवले नाहीत तर ऑडिटर ते परत मागतो. मार्ग आहे: आधी बजेट ऑफिसकडून प्रत्येकाचा पगार कुठल्या रिसोर्स कोडवर (पैशाच्या स्रोताच्या क्रमांकावर) आहे त्याची यादी घ्या, १०० टक्के जनरल फंडवाले पहिल्या रांगेत, मिश्र पगारवाले दुसऱ्या, पूर्ण अनुदानवाले शेवटी आणि तेही लेखी बदल करूनच.

केंद्रशाळा

महाराष्ट्रातून वाचतोय. आमच्याकडे रोजच्या सबची सोयच नाही, शिक्षक नसला की शेजारच्या वर्गाचे गुरुजी दोन्ही वर्ग सांभाळतात. लांबच्या रिक्त जागांसाठी २०२३ मध्ये जिल्हा परिषद शाळांत निवृत्त शिक्षक महिना २०,००० रुपये मानधनावर घ्यायचा निर्णय झाला होता. तिकडे निवृत्त शिक्षक का बोलावत नाहीत? आणि डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्या शिक्षणाधिकारी कार्यालयासारखं का?

तळेगावकर

केंद्रशाळा, नमस्कार. डिस्ट्रिक्ट इथे स्वतंत्र संस्था असते, बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडलेलं बोर्ड, स्वतःचं बजेट, स्वतःचा सुपरिंटेंडंट. देशभरात अशी सुमारे १३,००० आहेत, काहींत एकच शाळा, काहींत शेकडो. म्हणून कव्हरचा निर्णय राज्याच्या आदेशाची वाट न बघता ऑफिसात घेता येतो.

निवृत्तांना बोलावतात, पण पेन्शनचे नियम आड येतात. कॅलिफोर्नियात कॅलस्टर्समधून (तिथल्या शिक्षकांच्या पेन्शन योजनेतून) निवृत्त झाल्यावर पहिल्या १८० दिवसांत डिस्ट्रिक्टचं काम केलं तर त्या कमाईएवढी रक्कम पेन्शनमधून कापली जाते, पुढेही वार्षिक कमाईला मर्यादा असते. जूनमध्ये निवृत्त झालेली व्यक्ती त्यामुळे डिसेंबरपर्यंत हाताशी येत नाही. १८० दिवस संपण्याच्या तारखा एचआरने कॅलेंडरवर टाकाव्यात आणि त्याच आठवड्यात फोन करावा. सगळ्यात चांगले सब तिथेच मिळतात.

हजेरीपट

मुळात भोकं पडतात का, तेही बघायला हवं. एनसीटीक्यू या शिक्षकांविषयी संशोधन करणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या अभ्यासात ४० मोठ्या डिस्ट्रिक्टांत शिक्षक वर्षाला सरासरी ११ दिवस वर्गाबाहेर होते, आणि त्यात प्रशिक्षणाचे दिवसही धरलेले होते. प्रशिक्षण कोण ठेवतं? डिस्ट्रिक्ट ऑफिसच. गणितवाल्यांचं प्रशिक्षण गुरुवारी, त्याच गुरुवारी इंग्रजीवाल्यांचंही, आणि एका शाळेतून सहा जण बाहेर. मग सकाळी तेच ऑफिस म्हणतं सब मिळत नाहीत.

यावर उपाय स्वस्त आहे. प्रशिक्षणासाठी सब लागणारी प्रत्येक विनंती एकाच व्यक्तीकडून मंजूर व्हावी, एकाच कॅलेंडरवर. सोमवारी आणि शुक्रवारी नाही, जानेवारी-फेब्रुवारीत फ्लूच्या दिवसांत नाही, सुट्टीच्या आदल्या दिवशी नाही. एका दिवशी डिस्ट्रिक्टभर जास्तीत जास्त किती, त्याचा आकडा ठरवा. तळेगावकरांच्या उदाहरणात मी १० म्हणेन. ऑफिसातल्या ४० लोकांनी वर्गावर जाण्याआधी हे करावं, कारण याला एकही मनुष्यदिवस लागत नाही.

मधलीसुट्टी

आणि प्रिन्सिपॉलला वर्गावर टाकू नका! प्रिन्सिपॉल नऊ ते दहा चौथीत शिकवताहेत आणि सव्वानऊला मैदानावर कुणाचा हात मोडला, किंवा लॉकडाऊन (धोका दिसला म्हणून वर्गांची दारं आतून बंद) झालं, तर निर्णय कोण घेणार? प्रत्येक इमारतीत एक ॲडमिनिस्ट्रेटर मोकळा हवा. ऑफिसातले लोक शाळांत येण्याचं खरं कारण तेच आहे, नाहीतर हा बोजा आपोआप प्रिन्सिपॉल आणि असिस्टंट प्रिन्सिपॉलवर पडतो.

नीरा

सहमत. माध्यमिकसाठी एक भर: केमिस्ट्रीचा वर्ग मिळाला तर प्रयोग नाही, ॲसिड नाही, बर्नर नाही. प्रयोगशाळेची खोली असेल तर शक्यतो वर्ग दुसऱ्या खोलीत हलवा. वुडशॉपलाही तेच. आणि तीन वर्ग कॅफेटेरियात एकत्र बसवणं हे कव्हर नाही. ९० मुलं, एक प्रौढ, आवाज घुमणारी खोली. तिथे हजेरीसुद्धा धड होत नाही.

ऑस्टिनवाला

सकाळचा क्रम कुणी लिहील का? किती वाजता काय?

हजेरीपट

आठला भरणाऱ्या शाळेसाठी असा चालतो.

आदल्या दिवशी दुपारी ४ ला उद्याच्या ठाऊक असलेल्या उघड्या जागा बघायच्या. ड्यूटीवरच्या दहा जणांपैकी सात जणांना तेव्हाच शाळा आणि वर्ग कळवायचा. उरलेले तीन राखीव. दहाच्या दहा आदल्या दिवशी वाटले तर सकाळच्या आजारपणाला कुणी उरत नाही.

सकाळी साडेपाचपासून प्रणाली सबना फोन आणि ॲपवर सूचना पाठवत असते. साडेसहाला शाळेने यादी बघून डिस्ट्रिक्टला सांगायचं, पावणेसातला राखीव तिघांना जागा कळवायची. राखीव व्यक्तीने त्या दिवशी घरातून निघताना ऑफिसऐवजी शाळेत जायच्या तयारीत असावं, म्हणजे ओळखपत्र, चालायचे बूट, जेवणाचा डबा. साडेसातला काउंटरवर, पिशवी घ्यायची, सेक्रेटरीने खोलीपर्यंत सोडायचं, शेजारच्या शिक्षिकेशी ओळख करून द्यायची. साडेसात ते पावणेआठ प्लॅन वाचायचा.

साडेसातनंतर सब मिळाला तरी ऑफिसच्या माणसाला परत पाठवू नका. त्या शाळेत दुसरा कुठलातरी वर्ग फुटलेला असतोच, किंवा कुणाचातरी प्रेप वाचवता येतो. दोनदा 'आता गरज नाही' ऐकलं की तिसऱ्यांदा तो माणूस बैठक काढतो.

आणि त्या दिवशी त्याच्या कॅलेंडरवर एकही झूम नको. लॅपटॉप उघडून मागे बसलेला डायरेक्टर आणि वर्कशीट भरणारी मुलं, हे सगळ्यात जास्त दिसणारं अपयश आहे. सुपरिंटेंडंटच्या ऑफिसने ड्यूटीचा दिवस कॅलेंडरवर पूर्ण बंद करून टाकावा, हे माणसावर सोडू नये.

तळेगावकर

सुरेख लिहिलंत. आता पैशाची बाजू, कारण बोर्डापुढे तीच चालते. उघड्या राहिलेल्या जागेचा सबचा पैसा खर्च होत नाही. दिवसाला २०० डॉलर धरले तर २० जागा गुणिले १८० दिवस, म्हणजे वर्षाला ७,२०,००० डॉलर. यातून काही भाग प्रेपच्या मोबदल्यात जातो, तो आधी वजा करा. पण उरलेल्यातून बिल्डिंग सब नेमता येतात, म्हणजे रोज त्याच शाळेत येणारी पगारी व्यक्ती, रजा असो वा नसो. विमा धरून एकाला वर्षाला ६०,००० पडले तर पूर्ण रकमेत १२ जण बसतात.

विम्याचा मुद्दा मुद्दाम लिहितो. ॲफोर्डेबल केअर ॲक्टप्रमाणे मोठ्या नोकरीदात्याने आठवड्याला सरासरी ३० तास काम करणाऱ्याला आरोग्यविमा द्यायचा असतो. तो टाळायला काही डिस्ट्रिक्ट सबचे तास ३० च्या खाली ठेवतात. म्हणजे जो माणूस पाच दिवस यायला तयार आहे त्याला आपणच चार दिवसांवर थांबवतो आणि पाचव्या दिवशी डायरेक्टरला पाठवतो, ज्याचा दिवसाचा पगार सबच्या कितीतरी पट आहे. बोर्डासमोर हे दोन आकडे शेजारी ठेवा.

रानजाई

आमच्या शाळेने पालकांनाही वर्गात मदतीला या म्हणून पत्र पाठवलंय. मी एच-४ (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या) व्हिसावर आहे, भारतातली बीएस्सी बीएड. मला जाता येईल का?

कृष्णाकाठ

रानजाई, आधी ईएडी (अमेरिकेत काम करायचा परवाना) आहे का ते बघा. एच-४ ईएडी असेल तर सबचं काम कायदेशीर आहे. नसेल तर पगारी सब होता येत नाही, आणि एरवी पगार देऊन करून घेतात ते काम 'स्वयंसेवा' म्हणून फुकट करणंही धोक्याचं आहे, ते अनधिकृत काम धरलं जाऊ शकतं. पुस्तकांची जत्रा, फील्ड ट्रिप, वर्गात शिक्षक हजर असताना वाचून दाखवणं, हे नेहमीचं पालकांचं काम वेगळं. एकटीने वर्ग सांभाळायला हो म्हणण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

तळेगावकर

ईएडी असेल तर पुढचं. कॅलिफोर्नियात पदवीचं मूल्यांकन सीटीसीने (शिक्षकांना परवाने देणाऱ्या राज्याच्या आयोगाने) मान्य केलेल्या संस्थेकडूनच करून घ्यावं लागतं, नोकरीसाठी किंवा विद्यापीठासाठी केलेलं जुनं मूल्यांकन दुसऱ्या संस्थेचं असेल तर चालत नाही. सगळ्यात जास्त वेळ भारतातल्या विद्यापीठाकडून गुणपत्रिका मागवण्यात जातो, ते काम आज सुरू करा. मग लाइव्ह स्कॅन, म्हणजे बोटांचे ठसे, आणि टीबीची तपासणी. ठशांचा निकाल ज्या संस्थेसाठी दिला तिलाच मिळतो, त्यामुळे दोन डिस्ट्रिक्टांत काम करायचं तर सहसा दोनदा द्यावे लागतात. म्हणून आधी डिस्ट्रिक्ट नक्की करा, त्यांचा फॉर्म घ्या, मग ठसे द्या. मूलभूत कौशल्यांची अट तुमच्या परदेशी पदवीला कशी लागू होते ते अर्जाआधी सीटीसीच्या सध्याच्या पत्रकात बघून घ्या. न्यू जर्सीत असाल तर साधारण ६० कॉलेज क्रेडिट आणि सबचं क्रेडेन्शियल लागतं, बीएस्सी त्याच्या वरच आहे, मूल्यांकन मात्र तिथेही हवंच.

रानजाई

ईएडी आहे, कॅलिफोर्निया. विद्यापीठाला अर्ज आजच करते. डिस्ट्रिक्ट निवडताना काय विचारू?

हजेरीपट

पाच प्रश्न विचारा: दिवसाचा दर आणि अर्ध्या दिवसाचा दर, लांबच्या नेमणुकीला दर कितव्या दिवसापासून वाढतो, आणि तो पहिल्या दिवसापासून मागे जाऊन देतात का, आठवड्याला दिवसांची मर्यादा आहे का, ठशांचे पैसे कोण भरतं, आणि बिल्डिंग सबची जागा आहे का. शेवटचं उत्तर 'हो' असेल तर आधी तिथे अर्ज करा. तुमच्याकडे बीएड आहे, तुम्ही एका शाळेत टिकून राहिलात तर मुलांनाही रोज ओळखीचा चेहरा मिळेल.